रोमानियात शिकायला गेलात? विद्यार्थी संघटनेत शिरायचं कसं

रोमानियात मेडिकलला गेलेल्या आपल्या मुलामुलींचं पहिलं वर्ष बहुतेक एकाच चाकोरीत जातं. वसतिगृह, फॅकल्टी, सुपरमार्केट, आणि संध्याकाळी आपल्याच माणसांसोबत कुकरच्या शिट्ट्या. कोर्स इंग्रजीत, मित्र भारतीय, जेवण घरच्यासारखं. सहा वर्षांनी डिग्री हातात येते, पण ज्या देशात उमेदीची वर्षं काढली तिथलं एकही घर आतून पाहिलेलं नसतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हे टाळणं अवघड नाही. प्रत्येक मोठ्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या संघटना आहेत. त्या सण साजरे करतात, शाळा-दवाखान्यांत काम करतात, विद्यापीठाशी हक्कांसाठी भांडतात. या सगळ्यात परदेशी विद्यार्थ्याला जागा असते. फक्त पाहुणा म्हणून न जाता कामाला माणूस म्हणून जावं लागतं.

मी क्लुज-नापोकाला शिकले आणि तिथल्याच एका संघटनेत काम केलं, त्यामुळे क्लुजची उदाहरणं जास्त येतील. बुखारेस्ट, याश, तिमिश्वारा इथेही पद्धत साधारण हीच आहे.

आधी त्यांचा इतिहास थोडा समजून घ्या

कम्युनिस्ट काळातही विद्यार्थी संघटना होत्या, पण त्या पक्षाच्या हाताखालच्या. कवितावाचन, नाटक, नाच, सगळं सरकारी परवानगीनं. तरीही ऑक्टोबर १९५६ मध्ये हंगेरीतल्या उठावाच्या पाठिंब्यासाठी तिमिश्वाराचे विद्यार्थी जमले आणि त्यांची मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली. कम्युनिस्ट राजवट पाडणारी डिसेंबर १९८९ ची क्रांतीही तिमिश्वारातच सुरू झाली. त्यानंतर १९९० च्या एप्रिलपासून जूनपर्यंत बुखारेस्टच्या विद्यापीठ चौकात विद्यार्थी आणि नागरिक ठाण मांडून बसले होते. जूनमध्ये त्यांना हटवायला खाणकामगार राजधानीत आणले गेले, मारहाण झाली, विद्यापीठाच्या इमारतीत मोडतोड झाली.

आजच्या स्वतंत्र संघटना या घडामोडींनंतर उभ्या राहिल्या. म्हणून त्यांच्या सभेत नियमावली, मतदान, इतिवृत्त यांना एवढं महत्त्व असतं. नव्या माणसाला हे कंटाळवाणं वाटू शकतं, पण त्यांच्या आजीआजोबांच्या पिढीला मोकळेपणानं मतदान करता येत नव्हतं. हे एकदा लक्षात आलं की तीन तासांची सभा वेगळी दिसू लागते.

कुठली संघटना?

ढोबळमानानं तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार फॅकल्टीच्या किंवा विद्यापीठाच्या संघटनांचा. यांतल्या बऱ्याच १९९९ साली स्थापन झालेल्या आनोसर या राष्ट्रीय आघाडीच्या सदस्य आहेत. दुसरा प्रकार आंतरराष्ट्रीय जाळ्यांच्या स्थानिक शाखांचा: इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क (युरोपात देवाणघेवाणीनं शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांसाठीचं), आयसेक, अभियांत्रिकीवाल्यांची बेस्ट. तिसरा मेडिकलच्या विद्यार्थ्यांचा. त्यांच्या संघटनांचा देशपातळीवर महासंघ आहे.

फक्त ओळखी आणि सहली हव्या असतील तर इरॅस्मसवाल्यांकडे जा, तिथे सगळे इंग्रजीच बोलतात. पण माझं स्पष्ट मत असं की मेडिकलच्या विद्यार्थ्यानं आपल्याच शहरातली मेडिकलची संघटना गाठावी. तिथे रोमानियन बोलावं लागतं, आणि तिसऱ्या वर्षापासून वॉर्डात पेशंटशी रोमानियनच बोलायचं असतं. भाषेच्या क्लासमध्ये व्याकरण मिळतं. "अरे, ती टेबलं तिकडून उचल" हे वाक्य मात्र संघटनेतच शिकायला मिळतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. क्लुजच्या बाबेश-बोयाई विद्यापीठात रोमानियन, हंगेरियन आणि जर्मन अशा तीन भाषांत शिक्षण चालतं, आणि हंगेरियन विद्यार्थ्यांच्या वेगळ्या संघटना आहेत. १ डिसेंबर हा रोमानियाचा राष्ट्रीय दिवस, १९१८ मध्ये ट्रान्सिल्व्हेनिया, म्हणजे क्लुजचा आधी हंगेरीकडे असलेला प्रदेश, रोमानियाला जोडला गेल्याच्या आठवणीचा. तुमच्या हंगेरियन मैत्रिणीसाठी तो आनंदाचा असेलच असं नाही. तिचा दिवस १५ मार्च, १८४८ च्या हंगेरियन क्रांतीचा. त्या दिवशी ती छातीवर लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचं फूल लावून येईल. दोघांनाही त्यांच्या त्यांच्या दिवशी शुभेच्छा द्या आणि वादात पडू नका.

ऑक्टोबर: भरती

शैक्षणिक वर्ष १ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतं आणि लगेच भरतीचे फलक लागतात. फॉर्म ऑनलाइन असतो. त्यात "तुम्ही का येऊ इच्छिता" या प्रश्नाला चार ओळी लिहा, पण खऱ्या लिहा. "मला नेतृत्वगुण विकसित करायचे आहेत" असं सगळेच लिहितात. "मला गणपतीच्या मंडपात वर्गणीचा हिशोब ठेवायची सवय आहे" किंवा "मी फोटो चांगले काढतो" असं लिहिलंत तर मुलाखत घेणारा मान वर करून बघेल. मंडळात, गॅदरिंगमध्ये, ट्रेकिंग ग्रुपमध्ये केलेलं काम इथे चालतं. आपल्याकडची मुलं हा अनुभव क्षुल्लक समजून लपवतात, आणि नेमका तोच उपयोगी असतो.

मुलाखत बहुधा गटात होते. सहा-सात जणांना एक काम देतात, कागदाचा पूल बांधा किंवा एखादा कार्यक्रम आखा, आणि बाजूला बसून बघतात की कोण दुसऱ्याचं ऐकतं, कोण गप्प बसलेल्याला बोलतं करतं. रोमानियन तोडकंमोडकं असलं तर सुरुवातीलाच सांगा: मला कळतं, बोलायला वेळ लागतो. कुणी हसत नाही.

निवड झाल्यावर काही आठवडे उमेदवारीचे. त्यात प्रशिक्षणं होतात आणि बहुतेकदा डोंगरातल्या एखाद्या केबिनमध्ये दोन दिवसांचा मुक्काम. तो चुकवू नका. तिथे दारू असते, घरची प्लमची त्सुइका आग्रहानं पुढे करतात. "नु बेआउ", म्हणजे मी पीत नाही, एवढं शांतपणे म्हटलं की विषय संपतो.

याच सुमारास फ्रेशर्सचा नाच असतो, बालुल बोबोचिलोर. रोमानियन विद्यार्थीजीवनातली ही मोठी रात्र. पहिल्या वर्षी प्रेक्षक म्हणून जायचं, दुसऱ्या वर्षी दारावर तिकिटं तपासायला उभं राहायचं.

पहिलं काम

संघटनेत विभाग असतात: मनुष्यबळ, प्रसिद्धी, निधी, शैक्षणिक, प्रकल्प. परदेशी विद्यार्थ्याला लोक आपुलकीनं प्रसिद्धी विभागात ढकलतात, कारण इंग्रजी पोस्टर लिहून मिळतात. तिथेच अडकून पडू नका. प्रकल्प विभाग मागून घ्या. पहिली जबाबदारी खुर्च्या मोजण्याची असली तरी माणसं तिथेच भेटतात.

काम सुरू करण्याआधी एक कागद हवा: कॉन्ट्राक्ट दे वोलुन्तारियात. २०१४ चा कायदा क्रमांक ७८ स्वयंसेवी कामाला लागू होतो आणि त्यानुसार हा करार लेखी करतात. त्यात काम, कालावधी, दोन्ही बाजूंचे हक्क लिहिलेले असतात. काम बिनपगारी, पण प्रवासासारखा खर्च परत मिळू शकतो. कराराची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

डिसेंबर ते मार्च: सणांचे दिवस

थंडीचे चार महिने सांस्कृतिक कामांनी गच्च भरलेले असतात. मध्ये जानेवारी-फेब्रुवारीत परीक्षा येतात, तेव्हा संघटना झोपते. "सेसियुने (परीक्षांचा काळ) चालू आहे" असं सांगून सुट्टी घेतली तर सगळ्यांना समजतं.

डिसेंबरमध्ये कोलिंदे, म्हणजे नाताळची गाणी. मुलं गटागटानं प्राध्यापकांच्या दारात, वृद्धाश्रमात, इस्पितळाच्या वॉर्डांत गात फिरतात. पुरुषांच्या गटानं गायच्या कोलिंदेची परंपरा २०१३ साली युनेस्कोच्या यादीत गेली. एक गाणं पाठ करा, फक्त एक. सूर जेमतेम असला तरी चालतो, कारण गटात दहाजण असतात. वृद्धाश्रमातल्या आजी तुमचा हात धरून विचारतील की तू कुठून आलीस. तेव्हा उत्तर रोमानियनमध्ये आलं पाहिजे. ते आधी घोकून ठेवा.

१५ जानेवारी हा कवी मिहाई एमिनेस्कूचा जन्मदिवस आणि राष्ट्रीय संस्कृती दिनही. एमिनेस्कूला भारतीय तत्त्वज्ञानाची ओढ होती. संघटनेच्या कवितावाचनात तुम्हाला हमखास काहीतरी म्हणायला सांगतील, तेव्हा हा धागा हाताशी असू द्या. २४ जानेवारीला मोल्दोवा आणि वालाकिया या दोन संस्थानांच्या १८५९ च्या एकीकरणाचा दिवस असतो. त्या दिवशी चौकात हात धरून गोल करतात आणि होरा नाचतात. पावलं सोपी आहेत, बघत बघत जमतात.

मराठी माणसासाठी खरी पर्वणी १९ फेब्रुवारी. आपली शिवजयंती, आणि त्याच दिवशी १८७६ साली होबित्सा गावात शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रान्कुश जन्मला. २०१५ च्या कायद्यानं रोमानियात हा दिवस राष्ट्रीय ब्रान्कुश दिन म्हणून पाळतात. संघटना व्याख्यानं ठेवतात, तिर्गु जिऊला सहली काढतात. तिथला त्याचा अनंत स्तंभ २०२४ मध्ये जागतिक वारशात आला. आता दुवा बघा: इंदूरच्या महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी ब्रान्कुशची अवकाशातल्या पक्ष्याची शिल्पं विकत घेतली आणि ती ठेवायला इंदुरात एक ध्यानमंदिर बांधून द्यायला सांगितलं. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रान्कुश त्यासाठी इंदूरला जाऊन आला. मंदिर झालं नाही. पांढऱ्या आणि काळ्या संगमरवराचे दोन पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात (नॅशनल गॅलरीत) आहेत. रोमानियन विद्यार्थ्यांना होळकर कोण हे ठाऊक नसतं, आणि आपल्या मुलांना ब्रान्कुश कोण हे. दहा स्लाइड आणि पंधरा मिनिटं मागून घ्या. भारतीय संस्कृतीवर तुम्ही देऊ शकाल असं याहून चांगलं भाषण मला तरी माहीत नाही, कारण ते ऐकणाऱ्यांच्या मनात आधीपासून असलेल्या माणसाबद्दल आहे.

मग १ मार्च, मर्त्सिशोर. लाल आणि पांढरा दोरा एकत्र पिळून त्याला छोटं लटकन बांधतात आणि मुलींना, बायकांना देतात. याश आणि मोल्दोवा भागात पुरुषांनाही देतात. २०१७ मध्ये हीसुद्धा युनेस्कोच्या यादीत गेलेली परंपरा. संघटना फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मर्त्सिशोर हातानं बनवून विकतात आणि पैसे एखाद्या बालगृहाला किंवा आजारी मुलाच्या उपचाराला देतात. कामाचं वर्णन ऐका. एकजण दोरे कापतो, दुसरा दोन्ही रंग एकत्र धरून पीळ देतो, मध्यावर दुमडल्यावर ते आपोआप एकमेकांभोवती गुंडाळले जातात, मग टोकांना गोंडे. लटकन कार्डाला टोचायचं आणि कार्डावर संघटनेचं नाव. बोटं लाल होतात. पण या टेबलाभोवती बसून जितक्या गप्पा होतात तितक्या वर्षभराच्या सभांत होत नाहीत. पहिल्या वर्षी फक्त हे एक काम केलंत तरी चालेल.

फॅकल्टीच्या आवारात टेबल लावायला डीन ऑफिसची परवानगी लागते, रस्त्यावर लावायला प्रिमरिया, म्हणजे नगरपालिकेची. अर्ज वेळेत द्या. ऐन आदल्या दिवशी कुणी सही करत नाही. आणि प्रत्येक पैशाची पावती ठेवा. इथे हिशोबाला फार जपतात.

नागरी कामं

मेडिकलच्या संघटनांचं सगळ्यात गोड काम म्हणजे अस्वलांचं इस्पितळ. बालवाडीतली मुलं आपापलं टेडी घेऊन येतात आणि पांढऱ्या कोटातले विद्यार्थी त्याला तपासतात. "काय होतंय याला?" असं विचारायचं. मूल सांगतं की पोट दुखतंय, त्यानं खूप चॉकलेट खाल्लं. मग स्टेथोस्कोप लावायचा, मुलालाही ऐकू द्यायचं, पट्टी बांधायची, कागदावर औषध लिहून द्यायचं: दोन दिवस मिठ्या आणि रात्री लवकर झोप. मुलांच्या मनातली डॉक्टरची भीती कमी व्हावी हा हेतू. तुमच्यासाठी आणखी एक फायदा आहे. चार वर्षांचं मूल सोपं रोमानियन बोलतं, आणि तुमचं चुकलं तर बिनदिक्कत सुधारतं.

रक्तदान शिबिरं, सप्टेंबरमधली देशव्यापी स्वच्छता मोहीम, खेड्यातल्या मुलांना शिकवणं, ही कामं आपल्याकडच्या एनएसएससारखीच, त्यांवर वेगळं लिहायची गरज नाही. रक्तदानाच्या वेळी टेबलवर नावं लिहायला उभे राहा. स्वतः रक्त देता येईल का, ते केंद्रातले डॉक्टर तुमची कागदपत्रं बघून ठरवतात.

एक कल्पना मात्र महाराष्ट्रात आणावी अशी आहे. २०१५ मध्ये क्लुज युरोपची युवा राजधानी होतं. तेव्हा तिथे तरुणांसाठी लोकसहभागी अर्थसंकल्प राबवला गेला. मित्रमैत्रिणींचा छोटा गट, नोंदणीकृत संस्था नसली तरी, आपली कल्पना मांडू शकत होता. लोकांनी मतं दिली आणि निवडलेल्या कल्पनांना थोडा निधी मिळाला. अशी संधी दिसली तर तीन-चारजण मिळून अर्ज करा. अर्ज करता करता शहराचा कारभार कसा चालतो ते कळतं, निधी मिळो न मिळो.

निधीवरून आठवलं. रोमानियात पगारदार माणूस आपल्या आयकरातला ३.५ टक्के भाग आपल्या आवडीच्या स्वयंसेवी संस्थेकडे वळवू शकतो. त्याचा वेगळा पैसा जात नाही. त्यासाठी फॉर्म २३० भरावा लागतो, आणि मार्चपासून मेपर्यंत संघटनेची मुलं हे फॉर्म गोळा करत फिरतात. निधी विभागात असाल तर हेच तुमचं वसंत ऋतूतलं काम. एखादी कंपनी शेजारी असेल तर जेवणाच्या सुट्टीत तिथे टेबल लावायची परवानगी मागा.

निदर्शनांबद्दल. विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी, वसतिगृहांसाठी रस्त्यावर येतात. सार्वजनिक सभेसाठी १९९१ च्या कायद्यानुसार किमान तीन दिवस आधी प्रिमरियाला लेखी कळवावं लागतं आणि संघटना ते काटेकोर करतात. तुम्ही तिथे राहण्याच्या परवान्यावर आहात. म्हणून कळवलेल्या, शांत सभेपलीकडे जाऊ नका, आणि पक्षाच्या झेंड्याखाली तर नाहीच.

या समाजाची खरी ओळख आपल्याला फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली. युक्रेनमध्ये शिकणारी भारतीय मुलं बर्फातून चालत सिरेतच्या सीमेवर पोचली, तेव्हा पलीकडे रोमानियन स्वयंसेवक गरम चहा, ब्लँकेटं, सिमकार्डं घेऊन उभे होते. त्यांत विद्यार्थीही होते. २६ फेब्रुवारीला बुखारेस्टहून निघालेलं पहिलं विमान २१९ जणांना घेऊन मुंबईत उतरलं. रोमानियात शिकणाऱ्या प्रत्येक मराठी मुलानं हे ठाऊक असल्यासारखं वागावं असं मला मनापासून वाटतं.

जेवण आणि रीतभात

शाकाहाऱ्यांनी "दे पोस्त" हे दोन शब्द पाठ करावेत. ऑर्थोडॉक्स उपवासाच्या जेवणात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. संघटनेच्या सहलीत "मला दे पोस्त हवं" म्हटलं की स्वयंपाकघराला लगेच समजतं, व्हेजिटेरियन समजावत बसावं लागत नाही. काही उपवासांत मासे चालतात, तेवढं विचारून घ्या. कोबीच्या पानातली मशरूम-भाताची सारमाले, भाज्यांची झाकुस्का, मक्याची ममलिगा ही सगळी उत्तम. भाजलेल्या वांग्याचं सालाता दे विनेते म्हणजे आपलं भरीतच, मिरची नसलेलं. त्यात कधी अंड्याचं मेयोनीज घालतात, तेही विचारा.

फुलं द्यायची तर विषम संख्येत: तीन, पाच, सात. सम संख्येची फुलं अंत्यविधीला नेतात. ८ मार्चला संघटनेतले मुलगे सगळ्या मुलींना आणि प्राध्यापिकांना फुलं देतात, तेव्हा आपल्याकडून गडबड नको. संघटनेत एकमेकांना "तू" म्हणतात, अध्यक्षालाही. डीन ऑफिसात मात्र आदरार्थी "दुम्नेआवोआस्त्रा". वाढदिवसाला, नवीन वर्षाला, नामदिनाला (आपल्या नावाच्या संताच्या दिवशी) "ला मुल्त्स अन" म्हणून शुभेच्छा देतात. कुणाचं नाव इओन असेल तर ७ जानेवारीला त्याला आठवणीनं मेसेज करा. त्याला आश्चर्य वाटेल आणि तो विसरणार नाही.

आपली दिवाळी करायची इच्छा होईलच. करा, पण पहिल्या वर्षी नको. आधी त्यांच्या दोन कार्यक्रमांत राबा, मग प्रस्ताव मांडा. बॉलिवूडचा नाच आणि समोसे यांवर भागवू नका. रांगोळी काढायला त्यांना शिकवा, चार रोमानियन मुलांना लेझीम हातात द्या. बघणाऱ्यांपेक्षा करणारे जास्त असतील तर कार्यक्रम जमतो.

निवडणूक आणि निरोप

रोमानियाच्या कायद्यानं विद्यापीठाच्या सेनेटमध्ये आणि फॅकल्टीच्या कौन्सिलमध्ये किमान २५ टक्के जागा विद्यार्थ्यांच्या असतात. इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न वेगळे: वेळापत्रक उशिरा मिळणं, सूचना फक्त रोमानियनमध्ये लागणं, परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख परीक्षेत येणं. हे मांडायला त्यांच्यातलाच प्रतिनिधी हवा. दोन वर्षं काम केल्यावर उभे राहा. संघटनेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पदाधिकारी निवडले जातात. उमेदवाराला प्रश्न विचारायला सदस्य मागेपुढे पाहत नाहीत, तेव्हा वर्षभराची योजना आणि तिचा खर्च लिहून न्या.

पद सोडताना किंवा शहर सोडताना स्वयंसेवेचं प्रमाणपत्र आणि कामाचा अहवाल मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. कालावधी, तास आणि नेमकी जबाबदारी लिहिली आहे ना, नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना, ते सही होण्याआधीच तपासा. बदल्यात तुमच्या जागी येणाऱ्याला एक पानभर टिपण लिहून द्या: बालवाडीच्या बाईंना कधी फोन करायचा, टेबलाच्या परवानगीचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, लाल-पांढरा दोरा घाऊक भावात कुठे मिळतो.